आल्या वाटेनं

क्षितिजाला सायकल यायला लागून जेमतेम वर्ष झालं होतं, पण तिच्या तोंडून ऐकाल तर वाटेल, पोरगी हँडल धरूनच जन्माला आली. शिकवली वर्गमैत्रिणीने, रमशाने. शाळेच्या मागच्या पटांगणात सीट धरून धापा टाकत ही धावायची आणि म्हणायची, "तू पडलीस तर मी आधी हसणार, मग उचलणार. कबूल?" दोन्ही तिने अगदी इमानदारीत केलं.

त्यानंतर मात्र क्षितिजाला आवरणं कुणाच्या बापाच्या हातात राहिलं नाही. वर्गात उत्तर येवो न येवो, हात वर. घरात कुणी काही समजावू लागलं की अर्ध्यातच, "येतं मला."

दर रविवारी दोघींची स्वारी निघायची. राहनाळमधून पूर्णा, काल्हेर, मग गोडाऊनच्या मागच्या अंगाने थेट खाडीचा बांध. एका हाताला खारफुटी, दुसऱ्या हाताला मासळीची खाजणं, आणि कंटेनरचे भोंगे कुठल्या कुठे मागे. हाच बांध पुढे अंजूरला निघतो, तिथून मानकोलीवरून घर. झकास फेरी. पण मधेच बांध फुटलेला होता. तिथे पोचायचं, चिक्की खायची आणि मुकाट्याने मागे फिरायचं.

"च्यायला, दर वेळी आल्या वाटेनं परत," रमशा म्हणायची. "त्याच भिंती, तेच कुत्रे. एकदा तरी पुढून घरी जायचंय यार."

होळीनंतर खाजणवाल्यांनी ते भगदाड दगड-मुरूम टाकून भरलं. पुरतं भरलं नाही. मोठ्या उधाणाला पाणी त्याच्यावरून जातं, ओहोटीला वाट मोकळी. म्हणजे आता फेरी पुरी होणार होती. आणि नेमकं तेव्हाच रमशाच्या अब्बूंचं, हारूनचाचांचं ठरलं. इथले कापडाचे लूम विकून टाकायचे आणि नवापूरला, भावाच्या कारखान्यात जायचं. नववीची परीक्षा झाली की बिऱ्हाड हलणार. उरला एकच रविवार, चैत्री पौर्णिमेचा. दुपारी तीनला टेम्पो.

"सकाळी सातला निघू," रमशा म्हणाली. "ऊन नाही, घाई नाही. नऊला घरी येऊन मी भांडी बांधायला मोकळी."

तिथेच हो म्हणायचं होतं. पण क्षितिजाच्या डोक्यात वेगळंच चित्र होतं. लहानपणी एकदा आजोबांच्या होडीतून तिने पौर्णिमेची खाडी पाहिली होती, काठोकाठ, टम्म भरलेली. रमशाला जाताजाता हेच दाखवायचं, तिने मनाशी ठरवून टाकलं.

"सातला काय बघणार? चिखल नि खेकडे? त्यापेक्षा भरती फिरली की पोचू. दोन्हीकडे पाणी आणि मधून आपण दोघी. नवापूरला खाडी आहे का? नाही ना? मग."

"आणि वाट पाण्यात असली तर?"

"आगऱ्याच्या पोरीला विचारतेस? आजोबांचा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची, आली ती भरतीची वेळ. पौर्णिमेची तिथी पंधरा. पंधराचे पाऊण किती? सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती पुरी, दीडला आपण तिथे. तोवर वाट उघडी."

खात्रीला तिने फोनही पाहिला. त्यात मुंबईची भरती होती, तीही साधारण तेवढ्यालाच. झालं. आजोबा आणि फोन दोघं एका बाजूला म्हटल्यावर ब्रह्मदेव आला तरी क्षितिजा ऐकणार नव्हती.

रविवारी ती सायकल काढत होती तेव्हा आजोबा, लडकूआजा, ओट्यावर कोलंबी सोलत बसले होते. "कवा भरतं पानी, सांग बरं," त्यांनी गमतीने विचारलं.

"सव्वाअकरा."

"बरोबर हाय. पन ती येल दर्याची गो. आपल्या खाडीन पानी चालत येतं, धावत न्हाय. त्याला..."

"माहितेय हो आजा, येतं मला," म्हणत ती फाटकाबाहेर पोचलीसुद्धा. पुढचं वाक्य कोलंबीच्या सालांसोबत ताटातच राहिलं.

ऊन मी म्हणत होतं. रमशाचा ओढणीखालचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला होता, तरी काल्हेर सुटेपर्यंत तिची बडबड चालू होती. तिच्या भावाने, फहादभाईने, मिक्सर गादीत गुंडाळला, अम्मीने लोणच्याची बरणी स्वतःच्या मांडीवर घ्यायचं जाहीर केलं. सायकल सगळ्यात शेवटी चढणार होती. "म्हणून तीनच्या आत पोचायचंच. नाहीतर अब्बू मला नि सायकलला इथेच सोडून जातील."

"सोडू देत की."

रमशा हसली.

बांधावर चढल्या आणि खाडी दिसली. क्षितिजाने म्हटलं होतं अगदी तश्शीच. खारफुटीचे नुसते शेंडे वर, सगळीकडे चकाकतं पाणी, त्यावर बगळ्यांची रांग. रमशाने सायकल थांबवली. "या अल्लाह," ती हळूच म्हणाली. क्षितिजाची छाती वीतभर फुगली.

भरावापाशी पोचेपर्यंत ती तशीच फुगलेली होती. तिथे वाट पाण्यात गेली होती, आणि पलीकडे पुन्हा वर निघून अंजूरच्या दिशेने चालली होती. मधे नुसतं पाणी.

"उतरतंय," क्षितिजा म्हणाली. "दहा मिनिटं."

तिने काठावर एक काटकी रोवली. दोघी चिक्की खात बसल्या. काटकीच्या बुडाशी असलेलं पाणी थोड्या वेळाने काटकी ओलांडून त्यांच्या पायांकडे आलं होतं. तेवढ्यात एक करवंटी तरंगत समोरून गेली. समुद्राकडे नाही, आत, कल्याणच्या दिशेने. म्हणजे भरती अजून चालूच होती. दर्यावर ती सव्वाअकराला पुरी झाली असेल, पण तिथून इथवर यायला पाण्याला वेळ नको? चालत येतं, धावत न्हाय. ते अर्धं वाक्य आता ऐकू आलं.

"अजून किती?" रमशाने विचारलं.

"तास. दोन तास. माहीत नाही."

रमशाचा फोन वाजला. फहादभाईचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "कुठे आहेस? दोरी घेऊन उभा आहे मी. अब्बू गरम झालेत."

"आले, आले."

"थांब," क्षितिजा उठली. "गुडघाभरच असेल. सायकली उचलून नेऊ." आणि ती पाण्यात शिरलीही. दुसऱ्या पावलाला मुरूम सरकला, तिसऱ्याला ती मांडीपर्यंत आत. रमशाने मागून तिच्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा धरून खस्सकन ओढलं आणि दोघी चिखलात बसल्या.

"पडलीस," रमशा म्हणाली. कबूल केल्याप्रमाणे ती हसली, मग तिने क्षितिजाला उचललं. "तुझं पाऊणपट काय म्हणतंय?"

क्षितिजा कपड्यांवरचा चिखल झटकू लागली. रमशाने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तिने नुसतं त्या पलीकडच्या वाटेकडे एकदा पाहिलं आणि सायकल वळवली.

त्याच भिंती. तेच कुत्रे.

दारात टेम्पो घरघरत होता. हारूनचाचांनी दोघींच्या चिखलाकडे पाहिलं आणि सायकल उचलून वर दिली. फहादभाईने ती गाद्यांवर उलटी बांधली. रमशाच्या अम्मीने, बिल्किसचाचीने, मांडीवरची बरणी सांभाळत खिडकीतून क्षितिजाच्या गालावर हात फिरवला. "दहावीचा अभ्यास कर गं," त्या म्हणाल्या.

"तू पुरी कर फेरी," रमशा म्हणाली. "मग सांग, पुढून घर कसं दिसतं."

टेम्पो वळला तेव्हा वरच्या सायकलचं चाक वाऱ्याने आपलं आपण फिरत होतं.

ऊन कललं तशी क्षितिजा पुन्हा बांधावर गेली. पाणी ओसरलं होतं. ओल्या मुरमावर खेकड्यांची नक्षी होती आणि वाट सरळ अंजूरकडे गेली होती. किती लहान तुकडा होता तो. आंबा खाता खाता, कोय टाकायच्या आत ओलांडून झाला असता. सकाळी सातलाही तो असाच उघडा असणार.

फोन वाजला. रमशाचा मेसेज होता, 'कसारा घाट लागला. उघडली का वाट?'

क्षितिजाने 'हो' लिहिलं आणि पुसून टाकलं. मग तिने लिहिलं, 'नाही गं अजून. मोठं उधाण आहे. आपण थांबलो असतो तरी वाट मिळाली नसती.'

उत्तर लगेच आलं. 'बरं झालं मग.'

समोर वाट कोरडी होत चालली होती. क्षितिजाने सायकल उचलून फिरवली आणि आल्या वाटेनं परत निघाली.