मुकीची पिल्लं

चैत्र उंबऱ्याशी येऊन थांबला होता. केळीच्या फाटक्या पानांतून गाळलेलं, हळदुलं, मंदगंधी ऊन रजीनच्या परसात ठिपक्याठिपक्यांनी सांडत होतं. सुपारीच्या सडपातळ सावल्या मातीवर डुलत होत्या, आणि त्या सावल्यांतून गावठी कोंबड्या चालत होत्या. तांबड्या, करड्या, काजळकाळ्या कोंबड्या, माती उकरणाऱ्या, भांडणाऱ्या, अखंड बडबडणाऱ्या.

आणि त्यांच्यातच ती एक. कृष्णधवल पिसांची, पंखांवर हिरवी झाक खेळवणारी, मुखावर लाल मांसल गाठींचा विचित्र शृंगार मिरवणारी मस्कोव्ही बदकी. तिला कंठ नव्हता. रागावली तर फुसकारायची, सुखावली तर नुसती शेपूट हलवायची. वाडीत सगळे तिला मुकी म्हणत.

परसापलीकडे बावखल होतं. बागेच्या शिंपणासाठी कुणा पूर्वजाने खणलेलं, चार दगडी पायऱ्यांचं, खोल, हिरवं, निश्चल तळं.

रजीन या घरात उशिरा आली होती. बस्त्यावची पहिली बायको मारयान तापात गेली, आणि वय उलटत चाललेल्या रजीनला त्या बिजवराच्या हाती दिलं. बस्त्याव चांगला होता, मितभाषी होता, मळ्यातून घरी आणि घरातून मळ्यात जाणारा होता. पण त्याची सात वर्षांची लेक कोंसू रजीनला कुठल्याच नावाने हाक मारत नसे. भूक लागली की ती ताट घेऊन समोर उभी राही. वेणी सुटली की पाठ करून बसे. शब्द नाही, रोष नाही, ओढही नाही.

पोरीची मावशी तेरेज खाडीपलीकडे राहायची. तिने लग्नातच बजावलं होतं, वर्षभर बघेन. पोर रुळली नाही तर घेऊन जाईन. ते वर्ष आता संपत आलं होतं.

त्या दिवसांत रजीनची खुडूक बसलेली कोंबडी मुंगसाने नेली. अंडी उघडी पडली, कोमट, पोरकी. पलीकडे बांबूच्या तट्ट्यांनी केलेल्या आडोशात मुकी बसली होती. स्वतःच्या छातीची लव उपटून तिने घरटं मऊ केलं होतं. पण तिच्या अंड्यांत जीव नव्हता, कारण तिचा नर पावसाळ्यातच मेला होता. निर्जीव अंड्यांवर ती समाधिस्थ होऊन बसली होती.

दिवेलागणीला रजीनने तिच्या पोटाखाली हात घातला. तिची अंडी काढली, कोंबडीची ठेवली. मुकी फुसकारली नाही. मान वळवून तिने ती परकी अंडी चोचीने आत ओढली, एकेक करून, आणि पंख मिटले.

रजीन तिथेच बसून राहिली. मागे चाहूल लागली. कोंसू उभी होती.

"तिला कळलं नाही?" कोंसूने विचारलं.

"कळलं असेल," रजीन म्हणाली. "तरी घेतली."

त्या संध्याकाळनंतर पोर रोज येऊ लागली. शाळेतून आली की दप्तर ओट्यावर टाकून ती रजीनशेजारी उकिडवी बसे. आधी हातभर अंतरावर. मग वीतभर. मग एका दुपारी तिचं ऊन लागलेलं, घामेजलेलं डोकं रजीनच्या दंडाला टेकलं, आणि रजीनने श्वाससुद्धा जपून घेतला, पाखरू उडून जाऊ नये म्हणून घ्यावा तसा.

ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी त्या दोघी चर्चमधल्या मिस्साहून परतल्या, तेव्हा घरट्यातून नाजूक, अस्फुट, रेशीमतंतूसारखा आवाज येत होता. कवच तडकत होतं. ओलं, थरथरतं, पिवळंधम्म आयुष्य एकेका फटीतून बाहेर येत होतं. कोंसूच्या हातातली झावळी गळून पडली.

"आई, बघ!"

शब्द निघून गेला होता. पोरीच्या ते ध्यानातही आलं नाही. ती पिल्लांवर वाकली होती, हसत होती. रजीनने तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पोरीला तिचे डोळे भरलेले दिसले असते. ती फक्त म्हणाली, "बघते गं."

दिवस उजळले. मुकीच्या मागे पिल्लांची सोनसळी माळ तट्ट्याच्या आत फिरू लागली. मुकी चोचीने दाणा दाखवी, दुपारच्या उन्हात पंखांचा मंडप धरी. पण अधूनमधून ती थबके, मान उंच करे, आणि तट्ट्याच्या फटीतून बावखलाकडे बघत राही. त्या पाण्यासाठी तिचं अंग झुरे. रजीन तिला परातीत पाणी ठेवी. ती त्यात पाय बुडवून उभी राही आणि पुन्हा तळ्याकडे बघे.

"तिला सोडू या ना थोडं," कोंसू म्हणाली.

रजीनने तिला जवळ घेऊन समजावलं. मुकी पाण्याची आहे, पिल्लं मातीची आहेत. ती उतरली की पिल्लंही मागोमाग उतरतील, आणि त्यांना पोहता यायचं नाही. पिसं वाढेपर्यंत दार बंदच ठेवायचं. पोरीने गंभीरपणे मान हलवली. दाराला सुंभाची दोरी होती, ती कशी बांधायची तेही रजीनने तिला शिकवलं. पण पोर आपल्या रिबिनीसारखीच गाठ मारी, दोन पाकळ्यांची, सुंदर, सैल.

ईस्टर होऊन गेला. एका सकाळी रजीन मळ्यात बस्त्यावला पेज देऊन परतत होती. वाडी शांत होती. ती शांतता आधी तिच्या पायांना जाणवली, मग कानांना. कोंबड्या सगळ्या बावखलाच्या पायऱ्यांच्या काठाशी गोळा झाल्या होत्या, माना ताणून, आवाज न करता.

मुकी मध्यभागी तरंगत होती. डौलदार, तृप्त, कृष्णधवल. गोल फिरत होती, शेपूट हलवत होती, चोचीने पाण्यावरच्या पिवळ्या ठिपक्यांना हलकेच ढकलत होती. चला, पुढे चला. ठिपके हलत नव्हते.

रजीन लुगड्यासकट पाण्यात उतरली. गळ्यापर्यंत गेली. एकेक पिल्लू ओंजळीत उचलत गेली. ओलं, आकसलेलं, पानाहून हलकं. एकाच्या छातीत अजून फडफड होती. ते तिने पोलक्याच्या आत, आपल्या उबेला धरलं आणि तशीच निथळत पायरीवर बसली. ती फडफड मंदावली, अडखळली, थांबली.

मग ती तट्ट्यापाशी गेली. दार सताड उघडं होतं. सुंभ मातीत लोंबत होता, त्यात अर्धवट सुटलेली दोन पाकळ्यांची गाठ होती. आत ताज्या तांदुळज्याच्या भाजीची जुडी पडली होती. शाळेत निघताना कोंसूने पिल्लांसाठी खुडून टाकलेली.

रजीनने गाठ सोडवली. जुडी उचलली, ओच्यात घेतली आणि दूर केळीच्या बुंध्यात पुरून टाकली.

दुपारी पोर आली. तोवर बस्त्यावही मळ्यातून आला होता. पिल्लं केळीच्या पानावर ठेवलेली होती. कोंसू पानाजवळ उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले. तिच्या डोळ्यांत दुःखाआधी भय आलं. सकाळची घाई, शाळेची घंटा, हातातला सुंभ, सगळं त्या डोळ्यांतून सरकत गेलेलं रजीनने पाहिलं.

"दार कुणी उघडं ठेवलं?" पोरीने कसंबसं विचारलं.

"मी," रजीन म्हणाली. "तू गेल्यावर दाणे टाकायला गेले होते. माझ्याच हातून राहिलं."

भय ओसरलं. लहानग्या छातीतून अडकलेला श्वास सुटला. आणि रित्या झालेल्या त्या जागेत, रजीनच्या देखत, हळूहळू दुसरं काही भरत गेलं. थंड, गडद, तळ न दिसणारं.

"तूच सांगितलंस ना," कोंसू म्हणाली, "की बंद ठेवायचं."

रजीनने केळीच्या पानाच्या कडा पिल्लांवर दुमडल्या.

संध्याकाळी बस्त्याव चुलीशी आला. विस्तवाकडे बघत म्हणाला, "ते दार तू दिवसातून दहादा तपासतेस." तिने लाकडं पुढे सारली. त्याने पुन्हा विचारलं नाही. ती सांगणार नाही हे त्याला कळलं, आणि का सांगणार नाही हेही बहुधा कळलं. पण तो मुळातच अबोल माणूस होता.

पोर पुन्हा ताट घेऊन समोर उभी राहू लागली. पाठ करून वेणी घालून घेऊ लागली. परसात मुकी एकटीच फिरे, जमिनीशी मान नेऊन काही शोधे, मग पाण्यात उतरे. तिच्याकडे कोंसू बघत नसे, रजीनकडेही नसे.

सुट्टी लागली, तशी तेरेज मावशी आली. शेजारणींकडून तिला सगळं कळलं होतं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, की जिला कोंबडीची पिल्लं सांभाळता आली नाहीत तिच्या भरवशावर बहिणीची लेक कशी ठेवू. बस्त्यावने तोंड उघडलं, रजीनकडे पाहिलं. रजीनने किंचित मान हलवली. नाही. त्याने तोंड मिटलं.

रजीनने स्वतःच पोरीची ट्रंक भरली. फ्रॉकांना इस्त्री केली, रिबिनी गुंडाळून ठेवल्या, वाटेसाठी गुळाच्या पोळ्या फडक्यात बांधल्या.

धक्क्यावर होडी लागली होती. भरती उलटली होती, नावाडी घाई करत होता. बस्त्यावने ट्रंक चढवली. तेरेज चढली. कोंसू फळीवर पाय ठेवून क्षणभर थांबली, आणि रजीनच्या सर्वांगाचे कान झाले. येते म्हणेल. कुठलंही लेकरू कुठूनही निघताना म्हणतं तेवढंच.

"जाते," कोंसू म्हणाली.

असं म्हणू नये, हे तिला कुणीच सांगितलं नाही.

होडी सरकली. वल्ह्यांचा आवाज आधी जवळ होता, मग अंधूक, मग नव्हता. बस्त्याव मागे वळून चालू लागला. रजीन उभी राहिली. ओहोटीचं पाणी खाडीतून उतरत होतं, संथ, निःशब्द, एकेक थर सोडत. काठ उघडा पडत होता, करडा, ओला, विस्तीर्ण. आणि मावळतीच्या त्या फिकट, परतत्या उजेडात नुसता चिखल चमकत होता, दूरवर, गुळगुळीत, कुणाचंही पाऊल न उमटलेला.