उघाडीवाल्याचा अंगठा

पेणला एका दवाखान्याच्या माडीवर मी नसांची तपासणी करते. मनगटावर करंटचा बारीक चटका द्यायचा, अंगठा उडतो का बघायचं आणि पडद्यावर उमटलेली रेघ डॉक्टरांकडे पाठवायची. काम सोपं आहे, माणसं अवघड असतात.

परवा तिघं आली. धरमतर खाडीकाठचे कान्हूकाका, त्यांची बायको पुतळीमावशी आणि महिपती नावाचे एक गृहस्थ, जे न विचारता माझ्या खुर्चीत बसले. कान्हूकाका मिठागरात राबतात आणि तीस वर्षं गावाची उघाडीही सांभाळतात. म्हणजे ओहोटीला बांधाचं दार उघडायचं आणि भरती यायच्या आत बंद करायचं, नाहीतर खारं पाणी भातशेतीत शिरतं. गेल्या उधाणाला त्या दाराची फळी ओढताना त्यांचा उजवा हात आखडला आणि गाव घाबरलं. हात चालतो असा कागद आणा, नाहीतर उघाडी महिपतीकडे, असं पंचांनी ठरवलं. कागदावर साक्षीदाराची सहीही महिपतीचीच हवी म्हणे. काय डोकं चालवतात लोक!

मी काकांना आडवं केलं, पट्ट्या चिकटवल्या, चटका दिला. अंगठा ढिम्म. करंट वाढवला. तरी ढिम्म. पडद्यावर रेघ सरळ.

"गेला हात," महिपती खुशीत म्हणाले.

कान्हूकाकांचं तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटलं, म्हणून समजावत बसले. "काका, नसेच्या बाहेर मीठ जास्त असतं, आत कमी. नसेला बारीक बारीक दारं असतात. एक उघडलं की मीठ आत घुसतं आणि त्याचीच वीज होते. त्या विजेनं पुढचं दार उघडतं, मग त्याच्या पुढचं, असं करत निरोप अंगठ्याच्या स्नायूपर्यंत जातो. काम झालं की दारं बंद."

"ही तं उघाडीच झाली की!" काका उठूनच बसले. मग हळूच म्हणाले, "यवऱ्या उघाड्या माझ्या आंगात, आनि गावाची एक मना सांभालता येनार नाय?"

 तेवढ्यात त्यांच्या मनगटावरची पट्टी घसरून खाली पडली. दुसरीही पडली. आता कुठे माझ्या नाकाला कळलं की खोलीभर खोबरेलाचा वास सुटलाय.

"तेल लावलंय?"

"सकाली निसता चोपरला," पुतळीमावशी कौतुकानं म्हणाल्या. "मिठानी हात कवरा खरबरीत झायलाय! मॅडमला टोचंल म्हनून खांद्यापासून नखापरत लावला."

मी कपाळावर हात मारला. तेलाच्या थरातून करंट आत जाणार कसा?

"गो, मिठाची पुरचुंडी दे," काका म्हणाले. माझ्यासाठी भेट म्हणून आणलेलं आपल्या आगरातलं मीठ त्यांनी हाताला खसाखसा चोळलं आणि साबणानं हात धुतला. मी करंट कमी केला, नव्या पट्ट्या लावल्या, बटण दाबलं. अंगठा टुणकन उडाला! पडद्यावर अशी झकास रेघ आली की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मावशींनी तर वाजवल्याच.

महिपतींनी मात्र पेन खिशातून काढलं नाही. "ह्यो मशीननी उरवला. उघाडीवर काय मशीन नेनार हाय? मशीन बंद करा. त्याच्या मनानी हात हाललेला बघू दे मना." आणि नीट दिसावं म्हणून त्यांनी तोंड अगदी काकांच्या हाताजवळ नेलं.

म्हणणं बरोबरच होतं. मी मशीन बंद केलं, भिंतीतली पिनही काढली.

काकांनी आपल्या हाताकडे पाहिलं. तीस वर्षांच्या भरत्या-ओहोट्या त्यांच्या मनात येऊन गेल्या असाव्यात. मग माडी दणाणेल असा आवाज झाला.

महिपतींनी गाल धरला. पिन माझ्या हातात होती ती त्यांनी पाहिली, मग काकांकडे पाहिलं.

"हालला," काका नम्रपणे म्हणाले. "परत दाखवू?"

महिपतींनी पेन काढलं आणि उभ्या उभ्याच सही केली.