विमलबाईंच्या हातातले वजन

विमलबाई गल्लीत शिरल्या, की लोधीखेड्याच्या तापल्या दुपारीही दारादारांतून किलबिल उठे. एकेका लेकराला त्या उचलून क्षणभर उन्हात धरत, आणि त्या सोनेरी क्षणात पोर खळखळून हसे. आम्ही शेजारशेजारच्या अंगणवाड्यांच्या सेविका. मी आधी वजनाचा काटा टांगायची. त्या आधी उचलायच्या.

कोरोनाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात अंगणवाडीला कुलूप लागले, खिचडीचे पातेले पालथे झाले आणि आम्हाला घरोघर ताप विचारत फिरवले गेले. मास्क आम्ही जुन्या लुगड्यांचे शिवले. हातमोजे आले नाहीत; हुकूम रोज आले. मुलांना शिवायचे नाही, हा त्यातला पहिला. ज्या आया निर्धास्तपणे लेकरू हाती देत, त्याच आता आम्ही बिमारी घेऊन आलो म्हणून दार लोटत.

संत्र्याच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या मंदाने दार लोटले नाही. तिची तान्ही ओट्यावर निजली होती. डोळे उघडे, माश्या बसत होत्या, तरी हू की चू नाही. मी विमलबाईंचा हात धरला. आज आपली नेमणूक पलीकडच्या वस्तीत, आणि इथे मंदाचा नवरा तापाने फणफणलेला, हे त्यांना सांगितले.

"दुरून ताप तं दिसत नाही बाई, भूक कशी दिसन?" त्या म्हणाल्या. "पोरगी रडूनसुद्धा नाही राहिली, पाहा तं."

आणि त्यांनी तिला उचलले. तशीच पदराखाली घेऊन, कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून सौसरचा दवाखाना गाठला.

पोरगी जगली. विमलबाई त्याच महिन्यात तापाने गेल्या.

काम करताना गेल्या, एवढेच कागदावर लिहा, असे सांगायला मी कार्यालयात गेले. साहेब शांतपणे म्हणाले की त्या दिवशी त्यांचे काम सर्वेक्षणाचे होते, तेही दुसऱ्या वस्तीत. मूल उचलणे त्यात येत नाही.

"मग अंगणवाडीत काम कोणतं असते, साहेब?" मी विचारले.

त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावले.

मंदाची पोरगी आता चपला हातात घेऊन गल्लीभर पळते. तिला विमलबाई आठवणे शक्यच नाही, इतकी ती लहान होती. ज्यांना आठवायला हवे होते, त्यांना विसरणे सोयीचे पडले. आणि काळ मात्र या पोरीला आणि त्या साहेबांना सारखेच मोठे करत पुढे चालला आहे, हे मला अजून सहन होत नाही.