आबाजींची पॉलिसी आणि माझी हिंदी

मी बीपीचं मशीन बोलतेय. खरंच बोलतेय, कारण माझ्या पोटात एका बाईचा आवाज बसवलाय. बटण दाबलं की पट्टा फुगतो, दंड आवळतो आणि मग मी शुद्ध हिंदीत आकडे सांगते. जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते खोक्यावर लिहिलं होतं, पण खोकं आबाजींच्या बायकोनं, प्रयागबाईंनी, आल्या दिवशीच चुलीत घातलं.

या घरात मी आले ती आबाजींच्या निरोप समारंभातून. आबाजी बारामती एमआयडीसीतल्या एका दूध प्लँटात फिटर होते. अंथुर्ण्याहून रोज मोटारसायकलवर जायचे. शेवटच्या दिवशी मित्रांनी शाल दिली, नारळ दिला आणि मला दिलं. कंपनीचा आरोग्य विमा मात्र त्याच दिवशी संपला, हे आबाजींना घरी आल्यावर समजलं.

मला वाटलं होतं, आता शांतपणे सेवा करायची. पण आबाजी माझ्यापुढे परीक्षेला बसल्यासारखे बसत. सदरा काढून, देवाला हात जोडून. आकडा चांगला आला की म्हणत, “मशीन भारी हाय.” वाईट आला की पट्टा दुसऱ्या दंडाला. तिथंही तोच आला की माझे सेल काढून उन्हात वाळत घालत.

नवा विमा घ्यायचं ठरलं, तेव्हा प्रयागबाईंचा विमा एजंट भाचा ऋषिराज दोन पॉलिसी घेऊन आला. एक स्वस्त, पण धडधाकट माणसांसाठी. दुसरी महाग. तिच्यात जुना आजार सांगितला तरी चालत होता, मात्र त्याचा खर्च पहिली काही वर्षं मिळणार नव्हता.

“म्हंजे पैसं जास्त भरायचं आन् वर आजारीबी पडायचं न्हाय?” आबाजींनी विचारलं.

“म्हणून तर म्हंतोय मामा, स्वस्तातली घ्या. बीपीचं लिवायचंच न्हाय. ह्या वयात कुणाला नसतं?”

आबाजींचे प्लँटातले जुने सोबती इकबालभाई चहाला बसले होते. ते म्हणाले, “आबाजी, लपवू नगंस. ऐनवेळी तुझ्या गोळ्यांची चिठ्ठी सापडली तर दवाखान्यातनं इम्याचं कार्ड माघारी येतंय. मग हप्तं भरून काय उपेग?”

आबाजींना ते पटलं. संध्याकाळपर्यंत पटलेलंच होतं. सकाळी उठल्यावर पुन्हा स्वस्तातली बरी वाटली.

ऋषिराजनं सांगितलं, विमा कंपनीच्या डॉक्टरबाई फोनवर चार प्रश्न विचारतील, बाकी काही नाही. तरी आबाजींनी दोन दिवस दुधी भोपळ्याचा रस पिऊन तोंड वाकडं केलं. फोनच्या दिवशी प्रयागबाईंनी मला उचलून स्वयंपाकघरात, बाजरीच्या डब्याआड ठेवलं.

फोन आला. आबाजींना कमी ऐकू येतं, म्हणून ऋषिराजनं आवाज मोठा केला.

“आबाजी, बीपी, शुगर, काही त्रास?”

“न्हाय न्हाय. घोड्यावानी हाय मी.”

“आणि तुमच्या मिसेसना?”

“तिला काय हुतंय! तिला कदी शिंकबी येत न्हाय.”

नेमक्या त्याच वेळी आत प्रयागबाईंनी गुपचूप माझा पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळला होता. बटण दाबलं. माझा काय इलाज? आहे तेच मी मोठ्यानं सांगितलं, “आपका रक्तचाप बहुत अधिक है. एक सौ चौरानबे…”

बाहेर सगळे गार पडले.

“कोण बोलतंय?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“रेडिओ हाय मॅडम,” ऋषिराज म्हणाला.

पण आबाजी उठलेच. “ह्यो आकडा माझा न्हाय! मी तर हितं हाय!” असं ओरडत ते आत आले. पाहतात तर प्रयागबाई पाटावर डोकं धरून बसलेल्या.

“कवापासनं दुकतंय?” आबाजींनी हळूच विचारलं.

“तुमी रिटायर झाल्यापासनं.”

“आन् बोलली न्हाईस?”

“म्हणलं, तुमचं इमा-बिमा आदी ठरू द्या. एका घरात दोन दुखणी कुठं सांगायची?”

आबाजींचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदाच असा पाहिला. माझ्या आकड्यांना ते इतके कधीच भ्याले नव्हते. बाहेर जाऊन त्यांनी फोन हातात घेतला. “मॅडम, मगाशी बोललो ती समदी थाप. मला लई वर्सं बीपी हाय, रोज गोळी घेतो. आन् मंडळीचं तुमी आत्ता कानानं ऐकलंय. काय ते खरं लिवा.”

“लिहिते. पण आधी त्यांना दवाखान्यात न्या,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पॉलिसी कुठं पळत नाही.”

ऋषिराजनंच आत्याला आपल्या गाडीतून बारामतीला नेलं. वाटेत पॉलिसीचा एक शब्द काढला नाही. गोळी सुरू झाली. पुढच्या महिन्यात दोघांच्या नावानं महागातलीच पॉलिसी आली, सगळं खरं लिहून. हप्ता जड आहे. त्यापायी आबाजींचा बुलेट घ्यायचा बेत बारगळला.

आता माझा पट्टा उसवलाय, प्रयागबाईंनी त्याला लुगड्याचा काठ लावून घेतलाय. रोज सकाळी पहिला मान त्यांचा, मग आबाजींचा. तुम्हाला एवढंच विनवते, घरात मला आणलंत तर सगळ्यांच्याच दंडाला लावा. जी बाई कधी शिंकत नाही, तिला सगळ्यात आधी.

परवा आबाजी दोन दिवस कळसला पाहुण्यांकडे गेले होते. त्या दोन दिवसांत प्रयागबाईंचा आकडा असा खाली आला की मीही चकित झाले. त्यांनी मला पदरानं पुसलं आणि कानाशी सांगावं तसं म्हणाल्या, “बाई, हे तेवढं त्यांच्यासमोर बोलू नगंस.”

म्हणून तुम्हाला सांगतेय. तुम्हीही त्यांना सांगू नका.