चावला की मुका घेतला?

मी चांदीचा हात बोलतोय. म्हणजे वीतभर दांडी, टोकाला मूठ आणि मुठीला ताठ असं एकच बोट. तोरा म्हणजे आमच्या ज्यू प्रार्थनालयातली धर्मग्रंथाची गुंडाळी. तिला माणसाने हात लावायचा नाही, म्हणून वाचणारा मला ओळींवरून फिरवतो. सोनाराने मला घडवलं ते अक्षरं दाखवायला. पण हाती बोट आलं की माणसाला ते दुसऱ्याकडे दाखवायची हौस येते.

सध्या मी दातांच्या डॉक्टरांच्या ताब्यात आहे. दर शनिवारी ते त्या आठवड्याचा भाग वाचतात, मग त्यावर चिंतन सांगतात. भाग कुठलाही असो, चिंतन धाकट्या भावावरच! महापूर आला की, "काहींना नावेत घेऊच नये." उंच बुरूज आला की, "काहींना फार चढलंय." वडिलांची पहिल्या रांगेतली खुर्ची धाकट्याने बळकावली, तेव्हापासून दोघांत अबोला आहे.

धाकटा शिंपी. तोही काही कमी नाही. गुंडाळीत काना-मात्रांसारख्या स्वरांच्या खुणा नसतात. वाचणारा चुकला की ऐकणाऱ्याने ओरडून दुरुस्त करायचं आणि त्याने तो शब्द पुन्हा वाचायचा, अशी रीत. शिंपी त्या खुर्चीत चुका पकडायलाच बसतो. भावाभावांत संवाद उरलाय तो एवढाच. तोरा ऐकायला येतात आणि तोरा मिरवून जातात.

मागच्या शनिवारी वैर धरलेल्या दोन भावांच्या भेटीचा भाग होता. थोरला धावत येतो, धाकट्याला मिठी मारतो, त्याचा मुका घेतो. मूळ भाषेत 'मुका घेतला' आणि 'चावला' यांत एका अक्षराचा फरक. डॉक्टर घाईघाईत वाचून गेले, "चावला!"

खसखस पिकली. दातांचा डॉक्टर, दुसरं काय वाचणार?

"मुका घेतला!" शिंपी गरजला.

डॉक्टर लालबुंद झाले. त्याचं ऐकायचं कसं? पुन्हा ठासून, "चावला!"

"मुका घेतला!"

आता त्यांनी ओळ पहिल्यापासून मनात वाचली. थोरला धावत आला... आणि मला त्यांनी तिथेच रोखून धरलं. शिंपी उठून मेजापाशी आला आणि हळूच म्हणाला, "अरे दादा, मुका घेतला."

कितीतरी दिवसांनी तो 'दादा' म्हणाला होता. डॉक्टरांनी शब्द नीट वाचला आणि म्हणाले, "आज माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही." लोक कुरकुरत घरी गेले. चिंतन रंगलं नाही म्हणे!

आता मी बंद कपाटात गुंडाळीला साखळीने लटकतोय. दोघं काल एकत्र चहा प्यायले, असं झाडणारी बाई म्हणत होती. पण येत्या शनिवारच्या भागात भाऊच भावाला विकतात. देवा, एवढा एक आठवडा तरी चिंतन नको!