पाठ केलेलं दुखणं

"कळ म्हणू नका. दुखतंय म्हणा," बाई म्हणाल्या.

"पण कळच येते की हो, बाई. माझ्या वडिलांना यायची."

"वडिलांचं राहू द्या. एक जण कळ म्हणणार, दुसरा चमक म्हणणार, मग एका डॉक्टरची दुसऱ्याशी तुलना कशी करायची आम्ही? सगळ्यांचं वाक्य एकच हवं. म्हणा."

त्यानं घसा खाकरला. "डॉक्टर, सकाळपासून छातीत दुखतंय. जड जड वाटतंय."

"आता गप्प बसा. विचारल्याशिवाय पुढचं सांगायचं नाही."

नोकरी ही अशी. शहरातले डॉक्टर हृदयाचं दुखणं वेळेवर ओळखतात का, याचं संशोधन चाललं होतं आणि बाई त्याच्या प्रमुख होत्या. डॉक्टरांनाच विचारलं असतं तर सगळ्यांनी छाती पुढे काढून सांगितलं असतं, आम्ही बारकाईनं तपासतो म्हणून. स्वतःला मठ्ठ कोण म्हणेल? म्हणून संस्थेनं बनावट रुग्ण नेमले. डॉक्टरांची संमती आधीच घेतलेली होती. वर्षभरात केव्हातरी असा माणूस येईल, संशय आला तर फोन करा, एवढंच त्यांना माहीत.

हा गडी आधी सिनेमाच्या तिकीट खिडकीवर बसायचा. थिएटर बंद पडलं आणि उतारवयात घरी बसला. लोकांनी जन्मभर त्याचे फक्त हात पाहिले होते, तोंड कुणाच्या लक्षात राहिलंच नव्हतं. बाई तर त्याला पाहून खूशच झाल्या. "असा चेहरा शोधून मिळत नाही," असं त्याच्या तोंडावर म्हणाल्या आणि हा लाजला. ऑफिसात त्याला सगळे छातीवाले म्हणत. खोकल्याचं काम करणारी एक होती, ती खोकलेवाली. नावं घ्यायला वेळ कुणाला होता?

घरी त्याची तालीम बायको घ्यायची. ती शिवणकाम करायची, तोंडात टाचण्या धरून. पाय मशीनवर आणि कान नवऱ्याकडे.

"अहो, 'जड जड' घाईत म्हणताय. मला तरी वाटलं का जड?"

"बरं बाई. पुन्हा म्हणतो."

मग ती डॉक्टर व्हायची. टाचण्या काढून, भुवया उंचावून विचारायची, "हात दुखतो का?"

"डावा. खांद्यापासून."

"घाम?"

"आला होता."

"हं! आणि मी विचारलंच नाही तर?"

"तर तोंडाला कुलूप."

"शाब्बास," ती म्हणायची आणि दोघं हसायची. मूलबाळ नव्हतं, नातलग दूर. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून करायचं असं काही पहिल्यांदाच हाती लागलं होतं, त्यामुळे घर कसं तरारून आलं होतं. तो रोज एखाद्या दवाखान्याची गंमत घेऊन यायचा. कुणी पित्ताची गोळी दिली, कुणी मान वर न करताच कागद खरडला. ती पोट धरून हसायची.

पण डॉक्टर मंडळीही काही दुधखुळी नव्हती. त्यांच्या आपसात गप्पा होतातच. छातीत दुखतंय, जड जड वाटतंय असं कुणी म्हणालं की समजा हा त्यातला, हे तोंडोतोंडी झालं. बाईंच्या कानावर यातलं काहीच आलं नाही.

त्या दिवशी तो शहराच्या दुसऱ्या टोकाला कामावर गेला होता. संध्याकाळी परतला तर मशीन बंद आणि बायको भिंतीला टेकून बसलेली. चेहरा पांढरा पडलेला, पण ओठांवर हसू.

"अहो, आज मी तुमचं काम करून आले."

"म्हणजे?"

"सकाळपासून खरंच दुखतंय हो. कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेले. काय होतंय म्हणाले, तर मेलं दुसरं काही सुचेचना. तुमचंच वाक्य आलं तोंडून, जसंच्या तसं. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

तो तिच्याजवळ टेकला. "मग?"

"मग ते हसायलाच लागले. म्हणाले, छान करता बाई, तुमच्या साहेबांना नमस्कार सांगा. मी म्हटलं, अहो, खरंच दुखतंय. तर म्हणाले, हेसुद्धा शिकवलंय वाटतं?"

"आणि हाताचं? हात दुखतोय का तुझा?"

"दुखतोय की."

"सांगितलंस का त्यांना?"

"त्यांनी विचारलंच नाही!" ती म्हणाली. "मी आपली वाट बघत बसले, आता विचारतील, मग विचारतील. शेवटी म्हटलं, डॉक्टर एवढा हसतोय म्हणजे काळजीचं काही नसणार. उठून आले."

त्यानं तिला उठवलं. रिक्षा खाली उभी होती, मोठं हॉस्पिटल लांब नव्हतं. जिन्याच्या वळणावर ती म्हणाली, "थांबा जरा," आणि पायरीवर बसली. ती पुन्हा उठली नाही. तो तिच्या तोंडाशी कान नेऊन, हुंदके देत, वेड्यासारखा विचारत राहिला, कुठं दुखतंय, कधीपासून, घाम आला का गं. सगळे प्रश्न विचारून झाले.

घरात माणसं जमलेली असताना बाईंचा फोन आला.

"छातीवाले, तुमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी कळवलंय, आम्ही बनावट रुग्ण ओळखला. आपण तर तिथं कुणाला पाठवलंच नव्हतं. बाई होती म्हणे. घरच्या माणसांना शिकवून पाठवायचं नाही, हे सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"ती खरी होती, बाई."

"खरी म्हणजे?"

"गेली ती. काल."

मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "अरेरे. फार वाईट झालं हो." आणि थोड्या वेळानं, "मग ही नोंद काढूनच टाकते. ओळखला असंही धरता येणार नाही आणि चुकला असंही नाही. त्या आपल्या अभ्यासात नव्हत्याच."

त्यानं "बरं" म्हटलं. भांडावं, शिव्या द्याव्यात असं त्याच्या मनात आलं असेल. पण जन्मभर खिडकीमागं बसलेला माणूस, त्याला आवाज चढवायची सवय नव्हती. बाई पुढे म्हणाल्या, "सावकाश या. पण याच बरं का. अर्ध्यात नवा माणूस घेतला तर आजवर जमवलेलं सगळं वाया जाईल." यावरही तो "बरं" म्हणाला.

आणि काही दिवसांनी कामावर गेलाही. दवाखाना लहानच होता, डॉक्टर तरुण, डोळ्यांखाली काळं आलेली एक मुलगी.

"डॉक्टर, सकाळपासून छातीत दुखतंय. जड जड वाटतंय."

तिनं पेन खाली ठेवलं. खुर्ची ओढून त्याच्याजवळ आली. "हात दुखतो का, काका?"

"डावा. खांद्यापासून."

"घाम आला होता?"

"आला होता."

"जिना चढताना वाढतं? आधी कधी झालं होतं असं?" तिनं नाडी धरली, पापणी ओढून पाहिली, पाठीला यंत्र लावून ऐकलं. इतक्या दिवसांत एकाही डॉक्टरनं एवढं विचारलं नव्हतं. तो एकेक उत्तर देत गेला, पाठ केलेलं, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते शिकवलेल्यात नव्हतं.

"घाबरू नका, काका. वेळेवर आलात तुम्ही," ती म्हणाली आणि उठून दाराबाहेर डोकावली. "बरोबर कुणी आलंय का? काकूंना आत बोलावते."

बाईंनी या प्रश्नाचंही उत्तर ठरवून दिलेलं होतं. त्यानं बाहीनं तोंड पुसलं.

"ती घरी आहे," तो म्हणाला.