वरच्या खणातल्या रेकॉर्डी

आमच्या सुनेनं हॉलमध्ये जे केलं, ते बघायला अर्धं कुरुंदा गाव येऊन गेलं. भिंतभर सागवानी खण आणि त्यात यांच्या सगळ्या रेकॉर्डी उभ्या, कव्हरांच्या रंगांप्रमाणे लावलेल्या. लाल एकीकडे, पिवळ्या दुसरीकडे, निळ्या-हिरव्या मध्ये. काही निवडक तर तोंड पुढे करून, फोटो मांडावेत तशा. खरं सांगते, आयुष्यभर मी त्या रेकॉर्डींना सवत म्हणत आले, पण त्या दिवशी मलाही सवत देखणी वाटली.

आमचे हे, म्हणजे मुंजाजी, लाउडस्पीकरवाले. डीजे येण्याआधी वसमतपासून बाळापूरपर्यंत लग्न कुणाचंही असो, झाडावर कर्णा यांचाच. पुढे धंदा बसला, कर्णे भंगारात गेले, रेकॉर्डी मात्र मागच्या खोलीत लाकडी पेट्यांमध्ये राहिल्या. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं डोळे गेले, तसे हे दिवसभर त्या पेट्यांजवळच बसू लागले. हात घालायचा, एक काढायची, लावायची. गाणं सुरू झालं की चेहरा उजळायचा. दुसरं काय उरलं होतं त्यांना?

अनुश्रीला, माझ्या सुनेला, ती अंधारी खोली बघवेना. "मामा, एवढ्या भारी वस्तू अडगळीत काहून ठेवायच्या?" असं सासऱ्याला म्हणाली आणि सुतार बोलावला. यांनी नव्या खणांवरून हात फिरवला, "लई भारी झालं," म्हणाले. आणि त्या दिवसापासून घरातलं गाणं बंद पडलं.

"लावा की एखादं," मी म्हणायची.

"मन न्हाई."

एका दुपारी मी दारातून पाहिलं. हे भिंतीपाशी उभे, बोटं खणांवरून फिरताहेत. एक रेकॉर्ड काढली, पिन टेकवली, तर नवरीच्या बोळवणीचं रडकं गाणं. झटकन उचलली. दुसरी लावली, ती पंगतीची निघाली. मग तसेच रिकाम्या हातानं उभे राहिले, एसटी चुकलेल्या माणसासारखे.

"काय शोधून राहिले तुमी?"

"सनई." जरा थांबून म्हणाले, "पहिल्या पेटीत पहिलीच असायची. समद्या लग्नाच्या क्रमानं लावलेल्या व्हत्या ना. पहाटंची सनई, हळद, वरात, पंगत, बोळवण. डोळे झाकून हात जायचा बराबर. आता डोळे झाकलेलेच हायेत, अन् हात जाईना." मग घाईनं, "पोरीला सांगू नको. हौसेनं केलं तिनं."

मी आणि गप्प बसणार? संध्याकाळी चहा गाळतानाच अनुश्रीला सांगून टाकलं. पोर पांढरीफटक पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या रेकॉर्डी खाली काढल्या, फरशीवर पसरल्या आणि सासऱ्यासमोर मांडी घालून बसली.

"मामा, लग्न लावू. पयलं काय?"

ती नाव वाचायची, हे कोणता खण ते सांगायचे, आणि मध्येच "लाव बरं ती," म्हणायचे. सनई वाजली, हळदीची गाणी सुरू झाली. मला काय वाटलं कोण जाणे, मी चिमूटभर हळद ओली केली, कुरुंद्यात हळदीला काय तोटा, आणि तिच्या गालाला लावली. ती बघतच राहिली.

तिच्या लग्नात यातलं काही झालंच नव्हतं. कोरोनातलं लग्न ते. तोंडाला मास्क, मोजकी माणसं, वाजवायला बंदी. अर्ध्या तालुक्याची लग्नं वाजवलेल्या माणसाच्या एकुलत्या एका पोराचं लग्न मुक्यानं लागलं. आमच्या बंडूला त्याचं काही नव्हतं, यांना मात्र ते फार लागलं होतं. तिलाही लागलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

वरात झाली, पंगत उठली. खाली शेवटचा गठ्ठा उरला.

"ह्या बोळवणीच्या," अनुश्री म्हणाली. "कोणत्या खणात, मामा?"

यांनी चाचपत गठ्ठ्यावर हात ठेवला.

"पार वर टाक, माय. माझा हात पोचू नये असं. आपल्या घरी लेक आली हाय. ती कुटं जाणार न्हाई."

तेव्हा मात्र ती रडली. गालाची हळद पदराला लागली तरी पुसत राहिली.

भिंत आता पहिल्यासारखी दिसत नाही. लालजवळ निळी, पिवळीजवळ काळी, कशाला कशाचा मेळ नाही. परवा शेजारची भिकाबाई म्हणालीच, आधी किती छान होतं. म्हणू दे.

रेकॉर्डी नव्यानं लावल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती सनईनं. हे खणापाशी उभे होते, कुणाला हाक न मारता. अनुश्री केस बांधत बाहेर आली.

"एवढ्या पहाटं कोणाचं लग्न, मामा?"

"तुझंच," हे म्हणाले. "चालू हाय अजून."